रुबाब मिस्तरी दातांनी ऐकतो

खिरोदा सोडलं की पालच्या रस्त्याला चढ लागतो.
तिथे पहिल्यांदा वाजलं ते,
तिसऱ्या गिअरमध्ये, मागे अकरा माणसं
आणि त्यांचे केळी कापायचे विळे.
टक टक टक.
कडी असूनही कुणी बोटाच्या पेरानंच
दार वाजवावं, तसं.
मी टेपचा आवाज वाढवला.

मग वाढवतच गेलो.
तेलाचा लाल दिवा पहाटेच्या अंधारात डोळ्यात खुपायचा,
त्यावर सुलभाची टिकली चिकटवली,
मरून रंगाची. बरोब्बर बसली.

शेवटी झेलाबाई म्हणाली मागून,
"भाऊ, खाली कुणीतरी कोंडलंय तुमच्या गाडीत.
काढा त्याला, नाहीतर आम्हाला तरी उतरवा."

सावद्याला वजनकाट्याच्या मागे
एक कडुनिंब, त्याच्या फांदीला साखळी-कप्पी,
म्हणजे रुबाब तडवीचं गॅरेज.
चाळीस वर्षं ट्रकांच्या पोटाखाली झोपून
दोन्ही कान गेलेले.
"कधीपासून वाजी राहिली, भो?"
मी दोन बोटं दाखवली. दोन दिवस.

तो काही बोलला नाही.
हातभर लांब स्क्रूड्रायव्हर लुंगीला पुसला,
मूठ दातांत धरली, टोक ब्लॉकला लावलं
आणि डोळे मिटले.
वर टॅपेटपाशी थोडा थांबला. नाही.
बाजूनं सरकत सरकत खाली,
चेंबरच्या कडेला आला, तेव्हा कपाळाला आठी.
त्यानं एक बोट वर केलं.
भिकननं पहिल्या नोझलचा नट ढिला केला,
डिझेल थुंकलं, इंजिन लंगडलं,
टकटक तशीच.
दोन बोटं. तशीच.
तीन.
आणि ती टकटक
बोलता बोलता कुणी मेलेल्याचं नाव काढावं
तशी गप्प झाली.
नट आवळला, आली. ढिला केला, गेली.

गरम तेल डालड्याच्या डब्यात उतरवलं
आणि डबा उन्हात धरला.
काळ्या तेलात बारीक चमकी,
यात्रेतून आलेल्या पोरींच्या गालावर असते तेवढी.
रुबाबनं ती अंगठ्यावर चोळली, मला दाखवली.
मग माझी ती दोन बोटं धरून
उरलेली तीनही उघडली.
मग दुसरा हात.

चेंबर खाली आलं.
तळाशी डांबरासारखा गाळ,
पंपाची जाळी त्यात लिंपलेली.
तेल होतं की. पोचत नव्हतं.
तिसऱ्या रॉडचं बेअरिंग झिजून तांबं उघडं,
कापराच्या वडीसारखी कड उरलेली.
"क्रँक?" मी विचारलं, ऐकणार कोण.
भिकननं चिंधीनं क्रँक पुसला
आणि करंगळीचं नख आडवं फिरवलं, हळूच,
एकदा, दोनदा.
नख अडकलं नाही.
रुबाब हसला तेव्हा कळलं,
भुसावळच्या लेथचे माझे पैसे वाचले.

जाळी रॉकेलमध्ये बुडवली. नवे शेल. नवं तेल.
बोल्ट आवळताना तो घड्याळ बघितल्यासारखा
आपल्या कोपराकडे बघत होता.
चहा दोनदा आला, दोनदा गार झाला.

चावी फिरवण्याआधी तो आत वाकला
आणि टिकली नखानं उचलली.
लाल दिवा लागलेला.
माझ्याकडे बघितलं त्यानं. पुष्कळ वेळ.
मग सेल मारला.
दिवा विझला.

पुन्हा दातांत मूठ, पुन्हा डोळे बंद.
मग त्यानं स्क्रूड्रायव्हर मला दिला.
डिझेलची चव, लोखंडाची, त्याच्या तंबाखूची,
आणि माझ्या जबड्यात, दाढांच्या मुळाशी
अख्खं इंजिन,
चारही जण एकमेकांना वाट देत चाललेले.
हे एवढं सगळं रोज चालू असतं
माझ्या पायांपुढे.

निघालो. टेप बंद.
टिकली खिशात, तिला आता तेलाचा वास.
मस्कावदपर्यंत आलो असेन,
डाव्या चाकाकडे काहीतरी बारीक किरकिरलं.
हात टेपकडे गेला.
पहाटे चारला अकरा माणसं उभी राहतील नाक्यावर.
गाडी वळवली.